चादरीखालचा चंद्र

गणपतीच्या दिवसांत रांगेत उभं राहून तुम्ही हलता देखावा पाहिला असेल. राक्षसाचा वध होतो आणि राक्षसाच्या अंगावर जरीचा अंगरखा असतो. तो अंगरखा कोणी शिवला, असं तुमच्या मनात आलं नसेल. तो मी शिवला. नाशिक रोडला देखाव्यांचा एक कारखाना होता, तिथे पुतळ्यांचे कपडे शिवून मी संसार केला. जिवंत माणसांचं शिवण मी फार केलं नाही. जिवंत माणूस काखेत काचतं म्हणतो, गळा मोठा झाला म्हणतो, आणि कपडा न्यायला आला की तोंड वाकडं करतो. पुतळा गप्प उभा राहतो. मला पुतळे बरे वाटायचे.

दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, काकू, कामातल्या चार गमती लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत, जमेल तसं लिहिते. गमती आहेतच. पण मी लिहायला बसले आहे ती रागाने, आणि हा राग जुना आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको.

आधी धंदा समजून घ्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, दरवर्षी नवे पुतळे घडवतात. कोण घडवतंय! पुतळा तोच. यंदाचा राजा पुढच्या वर्षी दाढी लावून साधू होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिंगं लावून राक्षस. डोकं बदलतं, कपडे बदलतात, हात बदलत नाही. हाताच्या आत सळई असते आणि सळईला मोटर. ही मोटर म्हणजे भंगारात निघालेल्या ट्रकच्या वायपरची. काच पुसताना वायपर जसा इकडून तिकडे जातो, तसाच राजाचा हात जातो. म्हणून कारखान्याचे मालक बापू मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "कथा मागाहून सांगा. हात कसा हलवायचा ते बोला."

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका मंडळाने वस्त्रहरणाचा देखावा नेला. साडी दोन रुळांवर गोल फिरवलेली असायची, म्हणजे ओढणारा ओढत राहतो आणि साडी संपत नाही. त्यांच्या वायरमनने मोटर उलटी जोडली. साडी ओढणारा माणूस साडी नेसवायला लागला. लोक येत होते, नमस्कार करून जात होते. कोणी काही बोललं नाही. शेवटी एक म्हातारी मला म्हणाली, "हा बरा निघाला गं, घालतोय अंगावर."

तर असं हे काम. देव आणि राक्षस सोडून आमच्या पुतळ्यांनी काही केलं नव्हतं. ते चंद्रावर गेले ते एका मंडळाच्या हौसेपायी.

मंडळ नाशिक रोडचंच. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते माझ्या दारात येतील. त्याची मला भीती नाही, पण अंकाच्या बाईंना ताप नको. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी या मंडळाची स्थापना झाली होती. पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांना चंद्रावरच्या माणसांचा देखावा हवा होता. दोघं जण बोलायला आले. एक मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं आणि सगळे त्यांना भाऊ म्हणत. दुसरे मंडळाचे कार्यवाह. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून ते सर.

बापूंनी विचारलं, "हात कसा हलवायचा?"

सर म्हणाले, "हात नाही बापू, अख्खा माणूस उडवायचा. चंद्रावर आपलं वजन कमी भरतं. पाऊल टाकलं की माणूस वर जातो आणि सावकाश खाली येतो."

बापू डोकं खाजवायला लागले. मी म्हटलं, "आपल्या पुतळ्यांत उखळात कांडणारी बाई आहे की. ती खाली-वर होते."

झालं. मोटर सावकाश केली, लुगडं उतरवलं, मुसळ काढून घेतलं. चंद्रावर आमचा जो पहिला माणूस गेला, तो आतून कांडणारी बाई होता.

पोशाखासाठी सरांनी एका मासिकातले मोठे फोटो आणले. फोटोत मी आधी शिवण बघते. तो जाडजूड पांढरा पोशाख बघत मी म्हटलं, "हे हातच्या मशीनवर शिवलेलं दिसतंय. टिपेवर टीप आहे."

"बरोबर," सर म्हणाले. "बायकांनीच शिवलाय तो. एकावर एक कितीतरी थर. त्या आधी... म्हणजे... त्या बायका आधी वेगळे कपडे शिवायच्या."

"वेगळे म्हणजे?"

सर लाल झाले. "बायकांचे आतले कपडे."

बापू खोकायला लागले. मला मात्र हसू आलं नाही. सरांनी सांगितलं, एक टाका सुटला असता किंवा एखादी टाचणी आत राहिली असती, तर पोशाखातली हवा निघून गेली असती आणि माणूस तिथल्या तिथे मेला असता. मी फोटो हातात धरून बसले. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी सासरी नवी होते. शेजारच्या घरी रेडिओवर ते सांगत होते, मी दाराशी जाऊन उभी राहिले. सासू म्हणाली, "चूल बघ." मी चूल बघितली. चंद्राचा आणि माझा संबंध तेवढ्यावरच संपला होता. आता पंचवीस वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी जगात कुठेतरी माझ्यासारखीच एक मशीनवाली बाई अंगणात उभी राहून वर बघत असेल, आणि तिची शिवण तिथे चालत असेल. माणसं चंद्रावर गेली याचं मला नवल तेव्हा वाटलं. त्याआधी नुसतं ऐकलं होतं.

मी तो पोशाख मनापासून शिवला. पांढरं रेक्झिन, आत फोम, टिपेवर टीप. डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट, पुढे सोनेरी कागद. देखाव्यात कोणाचा जीव जाणार नव्हता, तरी एकही टाका मी ढिला सोडला नाही.

जमीन केली हिराबाईने. आता या बाईबद्दल नीट वाचा, कारण सगळं तिच्याबद्दल आहे.

हिराबाई पेठकडची, डोंगरातली. घरची भाताची लावणी आटोपली की ती नाशिकला यायची आणि गणपतीपर्यंत आमच्याकडे काम करायची. पुतळ्यांत पेंढा भरणं, डोंगर उभे करणं, गवत लावणं हे तिचं. पुढे थंडीत गावच्या लोकांबरोबर द्राक्षांच्या बागेवर जायची. तिचं घर या दोन कामांवर चालायचं. माझ्याहून वयाने थोडी लहान, अंगाने काटक. फार बोलायची नाही, पण बोलली की समोरचा गप्प. तिची बोली वेगळी. मी लिहिते आहे ती माझ्या कानांना ऐकू आली तशी.

सरांनी तिलाही फोटो दाखवले. ती म्हणाली, "आमचं रान राब भाजल्यावर असंच दिसतं." राब म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळतात ते. सगळी जमीन राखेची होते. तिने भाताच्या तुसाची राख आणि वीटभट्टीची राख चाळून एकत्र केली, त्यावर पाण्याचा हलका हबका मारला. हात दाबला की हाताचा ठसा तसाच उठायचा. खड्डे मात्र कोरलेले खोटे दिसत होते. तेव्हा तिने ओंजळभर खडे घेतले आणि वरून राखेत भिरकावले. झाले खड्डे. सर टाळ्या वाजवायला लागले, म्हणाले, "चंद्रावरचे असेच पडलेत, हिराबाई! वरून दगड येऊन!"

हिराबाईला टाळ्यांचं काही नव्हतं. तिला दुसरंच पडलं होतं.

"तिथं जाऊन केलं काय त्यांनी?"

"चालले, फोटो काढले," सर म्हणाले. "तिथली माती आणि दगड घेऊन आले."

"कोणाला इचारून?"

सर हसले. आम्ही सगळेच हसलो. मला ते हसणं नंतर फार टोचलं.

झेंड्यावरून भांडण झालं. सर म्हणत, चंद्रावर वारा नसतो, झेंडा फडकणार नाही, वर आडवी काठी घालून ताठ ठेवा. भाऊ म्हणत, फडकला नाही तर लोक म्हणतील मंडळात जीव नाही. शेवटी काठीही घातली आणि मागून पंखाही लावला. झेंडा मंडळाचा होता, त्यावर उंदराचं चित्र. चंद्रावर उंदीर फडफडायला लागला.

गणपतीच्या स्थापनेच्या दिवशी दुपारी आम्ही देखावा मांडवात उभा केला. काळा पडदा, वर टांगलेली निळी पृथ्वी, खाली राखेची जमीन, तिच्यावर उडणारी दोन माणसं. बाजूला गणपती बसलेले. वर्गणी काढून केलेला चांदीचा मोदक त्यांच्या तळहातावर ठेवलेला. मी स्वतः केलेल्या कामाकडे सहसा दुसऱ्यांदा बघत नाही. त्या दिवशी बघत राहिले.

एवढ्यात भाऊंच्या आई आल्या. त्यांना सगळे माई म्हणत. त्यांनी देखाव्याकडे पाहिलं आणि झटकन पदर डोळ्यांवर ओढला.

"अरे, आज चतुर्थी! आज माणूस आभाळाकडे मान वर करत नाही. चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो. आणि तुम्ही तो मांडवात आणून ठेवलात?"

सर पुढे झाले. "माई, यात चंद्र दिसतच नाही. आपण चंद्रावर उभे आहोत. वर दिसते ती आपली पृथ्वी."

"आणि ही खालची जमीन कोणाची?"

"चंद्राची."

"मग दिसला की!"

भाऊ म्हणाले, "वाद नको. आजचा दिवस झाकून टाका."

आजूबाजूच्या घरांतून चादरी आल्या. फुलाफुलांच्या, पलंगावरच्या. मी कडेच्या फळीवर उभी राहून चादरीचं एक टोक धरलं. हिराबाई दुसरं टोक घेऊन अनवाणी राखेतून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. चंद्रावर गुलाब उमलले आणि त्या गुलाबांवर आमची दोन माणसं खाली-वर उडत राहिली. मी पोट धरून हसले.

हिराबाई बाहेर आली तशा माई तिला म्हणाल्या, "तू पाहिलास गं बाई चंद्र. आता आळ येणार तुझ्यावर. देवावरसुद्धा चोरीचा आळ आला होता, ती मण्याची कथा ऐकून जा, म्हणजे टळेल."

"आमी तर रोजच बघतो चंद्र," हिराबाई म्हणाली. "आमच्यात नाय तसं काय."

मी तिच्या शेजारीच उभी होते. माझ्या हातात चादरीचं टोक तसंच होतं. मला माई काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी झेंड्याची शिवण उसवली म्हणून मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा मांडवासमोर माणसं जमलेली. चादरी काढल्या होत्या. देखाव्याच्या कडेला, बोलावून आणलेली हिराबाई उभी होती आणि तिची कापडी पिशवी राखेवर उपडी केलेली होती. नागलीची भाकरी, कागदात बांधलेली चटणी, एक कंगवा. मंडळातल्या दोन बायकांनी काळ्या पडद्यामागे नेऊन तिची झडती घेतली होती. चंद्राच्या मागे. हे मला नंतर कळलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका," भाऊ म्हणाले. "मोदक गेला. सकाळी बघतो तर बाप्पाचा हात रिकामा. आत शेवटी हीच गेली होती. हे बघा." त्यांनी बॅटरीचा झोत मागच्या कोपऱ्यात टाकला. राखेत अनवाणी पाऊल उमटलं होतं, बोटं वेगवेगळी मोजता येतील इतकं स्वच्छ.

"अहो, तुमच्यासमोर गेली ती चादर घालायला! तुम्हीच पाठवलंत!"

मागून कोणीतरी म्हणालं, "काल चंद्र पाहिला होता ना तिने, मग यायचाच आळ." दुसरा हसून म्हणाला, "माईंनी सांगितलंच होतं." त्यांना त्यात गंमत वाटत होती. जणू काही चंद्रानेच तिच्यावर आळ घेतला होता आणि ही माणसं नुसती बघायला जमली होती.

मी म्हटलं, "मीही आत होते. मीही पाहिला चंद्र. घ्या, उघडा माझी पिशवी." आणि मी पिशवी उलटी केली. कात्री, खडू, दोऱ्याची रिळं राखेत पडली.

"काकू, उगाच तमाशा नको," भाऊ म्हणाले. "तुमची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"तुम्ही आपल्यातल्या आहात."

मी सरांकडे पाहिलं. सर झेंड्याच्या काठीकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही बोला की. चंद्र बघून आळ येतो का? तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

सर हळूच म्हणाले, "काकू, लोकांच्या भावना असतात."

मला भाऊंचा राग आहेच. सरांचा त्याहून जास्त आहे. भाऊंना ठाऊक नव्हतं असं एक वेळ म्हणता येईल. सरांना सगळं ठाऊक होतं. चंद्रावर किती वजन भरतं ते त्यांना सांगता येत होतं आणि डोळ्यांसमोरच्या बाईबद्दल एक वाक्य बोलता येत नव्हतं.

भाऊंनी मोठेपणा केला. "आम्ही पोलिसांत देत नाही. मांडवात मण्याची कथा लावतो. तू बसून ऐक आणि मोदक असेल तिथून गुपचूप आणून ठेव. विषय संपला."

हिराबाई तोवर एवढंच म्हणत होती, "मी नाय घेतला." आता ती भाऊंकडे सरळ बघून म्हणाली, "मी घेतलाच नाय तर मी कथा कशाला आयकू? ज्यानं घेतला त्याला आयकवा."

तिने खाली बसून सामान गोळा केलं. भाकरीला राख लागली होती. ती तिने पदराने पुसली, पिशवीत ठेवली आणि निघाली. मी तिच्याबरोबर एसटीपर्यंत गेले. वाटेत मी भाऊंना शिव्या देत होते. गाडीत चढताना ती म्हणाली, "ताई, मी येत नाय आता."

मोदकाचं काय झालं ते सांगते. तो माईंनी उचलला होता. चोरायला नाही. चतुर्थीला मांडवात चंद्र आला म्हणजे आता चोरी होणार, या धास्तीने त्यांनी आरतीनंतर तो गुपचूप घरी नेला आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. सकाळी उठून त्या विंचूरला लेकीकडे गौरीसाठी निघून गेल्या. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर चोराच्या कानावर जाईल, म्हणून. विसर्जनाच्या आदल्या दिवशी परत आल्या आणि डब्यातून मोदक काढून लेकाच्या हातात दिला. चोरी होईल म्हणून लपवला, आणि लपवला म्हणून चोरी झाली. यात चंद्राने काय केलं मला सांगा.

भाऊ पेढे घेऊन कारखान्यात आले. "काकू, गोड बातमी. मोदक मिळाला! आम्ही तिच्या नावाने कथा वाचली होती मांडवात, तिचा गुण आला बघा."

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, "तिला चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. आता मांडवात माइकवर तिचं नाव घेऊन सांगा की हिने चोरी केली नव्हती."

"सांगितलंय की माइकवर."

काय सांगितलं होतं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. "बाप्पाच्या कृपेने मोदक परत आला आहे." परत आला! म्हणजे ऐकणाऱ्याला वाटलं, घाबरून आणून ठेवला तिने. माईंचं नाव नको म्हणून असं गोल बोलले. स्वतःच्या आईचं नाव झाकलं, हिराबाईचं उघडं टाकलं.

हिराबाईच्या पाड्यावरची माणसं नाशिकला कामाला असायची. बातमी तिच्या आधी गावात पोचली. बागेवर माणसं नेणाऱ्या मुकादमाने त्या थंडीत तिला गाडीत घेतलं नाही. म्हणाला, मालक विचारतील. पुढेही घेतलं नाही. ती परत नाशिकला आलीच नाही. मी तिच्याकडे एकदोनदा जाऊन आले, पण कामाचा विषय काढला की ती दुसरं बोलायची. मोदक सापडल्याचं मी मुकादमालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असेल हो काकू." त्या 'असेल'ला काय उत्तर द्यायचं?

मी काम करत राहिले. राजे, साधू, राक्षस. जमीन करायला दुसऱ्या बायका आल्या. त्यांनी केलेली जमीन जमिनीसारखी दिसायची नाही. चंद्राच्या माणसांचे पोशाख मी घरी पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. बापू म्हणायचे, फाडून दुसऱ्या पुतळ्याला लावू. मी दिले नाहीत.

मग आपलं पहिलं यान चंद्राकडे गेलं. नाशिकभर पेढे वाटले. खरं सांगते, मलाही आनंद झाला. मी टीव्हीसमोरून हलले नाही, आणि चूल बघ म्हणायला आता कोणी उरलं नव्हतं. पुढच्या गणपतीचं बुकिंग सुरू झालं तसे भाऊ कारखान्यात हजर. केस पांढरे, मोबाइल गळ्यात.

"काकू, तो चंद्राचा देखावा परत करायचाय. या वेळी यान आपलं, झेंडा आपला. मंडळाचीही चाळिशी आहे."

मी म्हटलं, "पोशाख माझ्याकडे आहेत. जमीन हिराबाईची आहे. तिने हो म्हटलं तर."

"कोण हिराबाई?"

मी आठवण करून दिली. ते म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांनी कोणाला आठवतंय ते!"

"मला," मी म्हटलं. "माइकवर तिची माफी मागा, मग बघू."

भाऊ विचार करून म्हणाले, "मागू. त्यात काय एवढं." माई तोवर वारल्या होत्या, त्यामुळे भाऊंना आता जड नव्हतं.

मी पेठची एसटी धरली. उन्हाळा होता, पाड्यापर्यंत चालताना जीव गेला. हिराबाई रानात होती. राब भाजून झाला होता. बांधाच्या पलीकडे सगळं रान राखेचं, करडं, आणि त्यात तिच्या अनवाणी पावलांची ओळ पार मधोमध गेलेली. मी बांधावर उभी राहिले.

"काय बघता, ताई?"

"चंद्र बघते," मी म्हटलं.

ती हसली. दात पडले होते, हसणं तेच होतं. मी तिला सगळं सांगितलं. यान गेलं ते, भाऊ आले ते, माफी मागायला तयार झाले ते.

"माफी नको," ती म्हणाली. "माफी मागतील, नारळ देतील, फोटू काढतील. मला काय करायचा नारळ?"

"मग देऊ नको म्हणतेस देखावा?"

"द्या की. मी येते जमीन कराया. पण एक सांगा त्यांना. चादर टाकायची नाय. पयल्या दिवशी उघडा ठेवायचा. भाऊनं बघायचा, त्याच्या बायकोनं बघायचा, त्या मास्तरनं बघायचा, समद्यांनी बघायचा." ती हातातल्या काटकीने राख सारखी करत होती. "येऊ दे आळ समद्यांवर. मंग बसू समदे मिळून कथा आयकत."

मी परत येऊन भाऊंना तिची अट सांगितली. आधी ते हसले. मग म्हणाले, "काकू, पहिल्या दिवशी उघडा ठेवला तर बायका यायच्या नाहीत. रीत आहे ती."

"तुम्हाला भीती वाटते का, आळ येईल म्हणून?"

"आमच्यावर कोण घेणार आळ?" भाऊ म्हणाले. पटकन म्हणाले, विचार न करता.

"मग ठेवा की उघडा."

काय बोलून गेलो हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कारखान्यातून धबधबा आणि गुहा नेली. बरी होती म्हणतात.

आता माझे हात चालत नाहीत, कारखानाही बंद झाला. पोशाख पेटीत आहेत. माणूस चंद्रावर जाऊन आला, याचं नवल मला अजून वाटतं. तिथून पोतीभर दगड उचलून आणले आणि साऱ्या जगाने त्यांच्या गळ्यात हार घातले, याचंही.

दर वर्षी गणपती बसतात त्या संध्याकाळी मी बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसते. ढग नसले तर पश्चिमेला कोर दिसते. मी ती मावळेपर्यंत बघते. शेजारणी दारं लावून आतून ओरडतात, "काकू, आत या, आळ येईल!"

इतकी वर्षं बघते आहे. अजून माझी पिशवी कोणी उघडायला मागितली नाही.